रडं बाहेर न जाणारी खोली

कोळवण
तुळशीची लग्नं लागली त्याच्या फुडला सोमवार, १९६१

तुकावन्सं,

चिमाचं पाया पडणं. तुमचा भाऊ बरा हाय, मेंढरं बरी हायेत, भैरूला खालचे दोन दात आलेत आन् तो दिसंल त्याला चावतोय. मी तेवढी बरी न्हाई. म्हनून लिवतीया. तिसरीपतूरचंच शिक्षाण हाय, चुकलं तर हसा, पर वाचा.

पुण्यात पूर आला त्यात ज्येंचं घर गेलं ते एक खांबेटे साहेब हायेत. त्येंनी हैबतरावाचं वड्याकडंचं भाताचं कोठार इकत घेतलं आन् आत एक खोली बांधाया काढलीया. खोली कसली तर खिडकी न्हाई. झरोका बी न्हाई. भिताडाच्या आत हातभर जागा सोडून दुसरं भिताड, आन् मधल्या फटीत लोकर कोंबायची. दारं एकाम्होरं एक दोन. भिवाजी सुतार म्हनतो, सावकाराच्या तिजोरीला बी असलं दार म्या केलं न्हाई.

लोकर आपलीच. तुमचा भाऊ लई खुशीत हाय. साहेब काळी बघत न्हाईत, पांढरी बघत न्हाईत, लेंड्या चिकटलेल्या असल्या तरी घेत्यात. ह्ये म्हनत्यात, असं गिऱ्हाईक देवच धाडतोय. कुनी धाडलं ते मला अजून कळायचंय.

म्या साहेबास्नी इचारलं, ही खोली कशापायी. तर म्हनाले, गाणी भरायची. म्हनलं कशात. म्हनाले, फितीत. आन् म्हनाले, आतला आवाज भाईर जाता कामा नये, भाईरचा आत येता कामा नये. आता गाणं लोकांनी ऐकायचं असतं का कोंडायचं असतं, तुमीच सांगा.

शेजारची धोंडाबाई म्हनती, असली बांधकामं सुकी उभी ऱ्हात न्हाईत. पोराचा जीव मागत्यात. मी म्हनलं, गप ऱ्हावा म्हातारे. पर परवा काय झालं, भैरू दारात रडत हुता आन् साहेब रस्त्यानं चालले हुते. ते थांबले. डोळे मिटून ऐकत उभे ऱ्हायले. मग म्हनाले, "काय खणखणीत आवाज आहे हो याचा. हा मला लागेल."

परक्याचं पोर कुनाला कशाला लागतंय, वन्सं?

थोरली लेक बानू गेल्या वर्सी तापानं गेली, म्हनून मी ह्याला कमरेवरनं खाली ठेवत न्हाई, तुमास्नी ठाव हाय. तुमी पुण्यात ऱ्हाता, चार लोकं तुमास्नी वळखत्यात. ह्यो माणूस कसा हाय त्येची चवकशी करा आन् बिगीनं लिवा.

तुमची भावजय
चिमा


पुणे
२ डिसेंबर १९६१

चिमे,

तुझं पत्र वार्डात पाळीवर बसून वाचलं आन् एवढी हसले की शिस्टरबाई म्हनल्या, तुकाबाई, पोरं उठतील. तुझ्या धोंडाबाईला माझा निरोप दे. म्हनावं, बळी द्यायचाच झाला तर पिकल्या माणसाचा देत्यात.

चवकशी केली. आमच्या दवाखान्यातला कारकून पेटी वाजवतो, तो खांबेट्याला चांगला वळखतो. भला माणूस हाय. पेठेत घरातच एका खोलीत गवयांची गाणी भरून घ्यायचा. पुराचं पानी माडीपतूर चढलं, यंत्र गेलं, भरलेली गाणी गेली, माणूस तेवढा वाचला. आता नवं यंत्र आणलंय आन् नदीच्या नादाला लागायचं न्हाई म्हनून कोळवणात आलाय. त्येला वाटलं, खेड्यात शांत असतंय. कुनी सांगितलं कुनास ठाऊक. पावसात बेडकं वरडाया लागली की बघ त्येचं त्वांड.

आता खोलीचं ऐक. आपला कान शहाना हाय. तू भाकरी थापताना माझा भाऊ धुळा काय बोलतो ते तुला ऐकू येत न्हाई, पर भैरू हुंदकला की येतं. यंत्राला असं निवडता येत न्हाई. गवई गायला आन् भाईर मेंढरू खाकरलं तर दोनी भरलं जातंय, आन् मग जल्मभर त्या गाण्यात मेंढरू खाकरतंय. म्हनून भाईरचं आत जाऊ द्यायचं न्हाई. जी वाट भाईरच्या आवाजाला आत जायला, तीच आतल्याला भाईर यायला. फट हाय का न्हाई ते बघायचं तर एकानं आत वरडायचं, दुसऱ्यानं भाईर कान लावायचा. भैरू त्येला त्येच्यासाठी लागत असंल. दे की. फुकट रडतोय ते कामाला येईल.

लोकरीतली वाईच चांगली बघून मला एका घोंगडीपुरती ठेव. समदी साहेबाच्या भिताडात घालू नका.

तुका


कोळवण
चंपाषष्ठी होऊन गेली

वन्सं,

तुमी म्हनालात तसंच निघालं. मला बरं वाटलं आन् न्हाई बी वाटलं.

पयल्यांदा साहेबांनी भिकूला आत घालून हलगी वाजवाया लावली. भाईर नुसता दणका यायचा, कोन लांब मुसळ घालतंय तसा. साहेब म्हनाले, जाड आवाज जमिनीतनं येतो. मग समदी जमीन उकरली, वाळू घातली, वर फळ्या टाकल्या. भिकूचे हात सुजले. तो म्हनला, लगनात बी एवढी वाजवली न्हाई, आन् हितं नवरा न्हाई, नवरी न्हाई, जेवान बी न्हाई.

मग साहेब म्हनाले, आता बारीक आवाज पाहिजे, पोराचा. बारीक आवाज केसाएवढ्या फटीतनं बी येतो. मी न्हाई म्हनले. ह्येंनी म्हनलं, अगं खुळे, मी घेऊन बसतो की आत. मी म्हनलं, तुमच्याजवळ तो रडतोच. ह्ये म्हनाले, तेच तर पाहिजे.

दोन दिस आमी भांडलो. तिसऱ्या दिशी मी तयार झाले. साहेबांनी मला आत नेऊन समदं दावलं. वन्सं, त्या खोलीत टाळी वाजवली तर टाळी हातातच मरती. भिताडावर घोंगड्या टांगल्यात, आवाज परत फिरूच देत न्हाईत. मी "भैरू" म्हनलं तर मलाच वाटलं, कुनी त्वांडावर हात ठेवलाय.

मग ह्ये आत, भैरू आत. एक दार लागलं, दुसरं लागलं. भाईर साहेब त्येंच्या यंत्राच्या पेटीम्होरं बसले. आवाज आला की तिच्यातला काटा हलतो. काटा हलला न्हाई. साहेबांचा कान भिताडाला, भिवाजीचा कान भिताडाला. दोघं बी माना हलवत्यात. साहेबांनी मला इचारलं, "ऐकू येतंय का, चिमाबाई?"

मी म्हनलं, येतंय.

आन् येत हुतं. दाराच्या बुडातनं. भिवाजीनं तितं मेणबत्ती धरली तर वात हलली. साहेब माझ्याकडं बघतच ऱ्हायले. म्हनाले, "आईच्या कानापुढे काटा काय करणार." दाराच्या बुडाला घोंगडीची पट्टी ठोकली. पुन्ना पारखलं, पुन्ना मला आलं, वरनं, आढ्याकडनं. तितं लोकर कोंबली. आता मी म्हनंल तवर काम चालनार, असं साहेबांनी समद्यांम्होरं सांगितलंय. तुमचा भाऊ मिशीला पीळ देतोय.

तुमची लोकर ठेवली हुती, पर ती बी आढ्यात गेली. रागवू नका.

चिमा


पुणे
५ जानेवारी १९६२

चिमे,

माझी घोंगडी साहेबाच्या आढ्यात गेली म्हंजे आता गवई आला की माझ्याच घोंगडीखाली गानार. बरं हाय.

पर मला एक कळंना. धुळा परवा मेंढरांचं औषध न्यायला आला हुता. म्हनत हुता, आपली लोकर सपली, सावळ्याच्या कळपाची सपली, आता चांद्यास्नं आणतोय. साहेब भिताडाला आतनं थर लावतायत, थरावर थर. मी म्हनलं, का रे? तर म्हनला, चिमीला अजून ऐकू येतंय. तीनदा झालं, चारदा झालं. खोली आता एवढीशी ऱ्हायलीया. पेटीवाला बसला की त्येचं कोपर भिताडाला लागतंय, आन् तबलजीनं पाय पसरले तर गवई दारात. साहेबांनी मोठा गवई ठरवून ठेवलाय, त्येला तारीख देता येईना. साहेब म्हनत हुते, असंच चाललं तर हितलं समदं मोडून पुण्याला जातो, खेड्यात हे जमनार न्हाई.

धुळा सांगत हुता तवा हसत हुता. त्येला लोकर दिसती. मला तू दिसतीस.

चिमे, मी तुझी नणंद हाय, तुला टोचून बोलायचा माझा हक्क हाय, पर आत्ता टोचत न्हाई. काट्याला कळत न्हाई, सुताराला कळत न्हाई, लोकर हातभर जाड झाली, आन् तुला ऐकू येतंय. खरंच येतंय का?

धोंडाबाई म्हनती तसं पौषाच्या अवसेला आठ गिऱ्हं एका घरात येनार आन् जग बुडनार, असं हितं बी लोकं म्हनत्यात. बुडायच्या आधी मला खरं काय ते लिव.

तुका


कोळवण
संक्रांतीनंतरचा बाजार

वन्सं,

पयल्यांदा आलं. दुसऱ्यांदा बी आलं. देवाशपथ. तवापासनं येत न्हाई.

तिसऱ्यांदा दारं लागली आन् काय बी आलं न्हाई. मी वाट बघितली. वड्याचं पानी ऐकू येत हुतं, भिवाजी नाक वढत हुता ते ऐकू येत हुतं. माझं पोर चार हातावर रडत हुतं आन् मला काय बी न्हाई. साहेबांनी इचारलं, ऐकू येतंय का, चिमाबाई. माझ्या त्वांडातनं येतंय असंच गेलं. दार उघडल्यावर बघितलं तर भैरूचं नाक, त्वांड समदं वलं, रडून रडून उचकी लागल्याली. आन् मला पत्त्या न्हाई.

बानूचं तुमास्नी ठाव हाय, पर हे म्या कुनाला सांगितलं न्हाई. लावणी चालली हुती. मी वड्यापल्याडच्या खाचरात हुते. ती धोंडाबाईजवळ हुती. धोंडाबाई म्हनली, पोर दुपारधरनं रडत हुतं, मला वाटलं तुला ऐकू येईल आन् तू येशील. वड्याला पानी हुतं, पाऊस हुता, बाया गात हुत्या. मी बी गात हुते. मला ऐकू आलं न्हाई. घरला आले तवा ती गप पडली हुती आन् अंग तव्यावानी.

तवापासनं मी ऐकू येईल तेवढ्यातच जाते. ह्या साली लावणीला गेले न्हाई, काढणीला गेले न्हाई. सासूबाई असत्या तर घराभाईर काढली असती.

आन् आता साहेब म्हनत्यात, आईला पोराचं रडं ऐकू येनार न्हाई अशी खोली कर आन् तूच सांग की झाली. मी "न्हाई येत" म्हनलं की ती खोली पुरी झाली. मी ती कशी पुरी करू? म्हनून येतंय म्हनते. ह्यात लोकर जाती, साहेबाचा दम जातो, मला समदं दिसतंय. परवा ते लोकरीच्या पोत्यावर टेकून बसले हुते, म्हनाले, "कुठून येतोय हो हा आवाज, मला एकदा तरी सापडू दे." मला मेल्याहून मेल्यावानी झालं. ते मोडून पुण्याला गेले तर भिवाजीचं काम जाईल, आपली लोकर पुन्ना बाजारात पडंल, आन् ते माझ्यापायी.

तुमच्या भावाला सांगू नका. काय करू ते सांगा.

चिमा


पुणे
२६ जानेवारी १९६२

चिमे,

तुझं पत्र वाचलं आन् आज सुट्टीचा दिस असून बी मी वार्डात येऊन बसले.

ऐक. बानूला मेंदूचा ताप हुता. असली पोरं हितं येत्यात. आया उशाशी बसल्याल्या असत्यात, हातात हात असतो, तरी जात्यात. कान जवळ असल्यानं ती ऱ्हायली असती असं मी तुला सांगनार न्हाई, आन् गेलीच असती असं बी सांगनार न्हाई. मला ठाव न्हाई. पर एवढं ठाव हाय की धोंडाबाईला दोन पाय हुते आन् ती तुला बलवाया येऊ शकत हुती. तिच्यावर बी राग धरू नगं, पर समदं तुझ्याच कानावर घेऊ नगं.

आता कामाचं. आमच्या वार्डात एक खोली हाय, लागण झालेल्या पोरांची. आत कुनाला सोडत न्हाईत. त्या दाराला काच हाय. आयशी भाईर बाकड्यावर बसत्यात. रडं ऐकू येत न्हाई, पर त्वांड दिसतं. पयल्या दिशी त्या काच फोडाया उठत्यात. दुसऱ्या दिशी बघत बसत्यात. तिसऱ्या दिशी भाकरी खात्यात.

साहेबाला सरळ जाऊन सांग, मी खोटं बोलत हुते. आन् सांग, भिताडाला काच लाव, मग मी खरं बोलंन. तो रागवंल. रागवू दे. मारनार तर न्हाई. त्येचं बी भलं हाय, गवई आत गातोय का झोपलाय ते त्येला भाईरनं कसं कळनार?

धुळ्याला मी सांगनार न्हाई. पर तू सांग. तो मिशीला पीळ देत असला तरी बाप हाय.

तुका


कोळवण
शिमगा झाला, रंगपंचमी व्हायचीया

वन्सं,

जग बुडलं न्हाई. धोंडाबाई म्हनती, तिनं उपास धरला म्हनून.

आदी ह्येंना सांगितलं. ह्ये मेंढराचं खूर साफ करत हुते. खूर खाली सोडून म्हनाले, "तरीच. मी आत त्येला घेऊन नाचत हुतो, मला वाटायचं एवढं वरडतंय तर चिमीला ऐकू येनारच. आलं न्हाई म्हनली असतीस तर मलाच भ्या वाटलं असतं." आन् उठून माझ्यासंगं साहेबाकडं आले. चांद्याच्या लोकरीचा इषय वाटंतच सोडला.

साहेबांना मी एका दमात सांगितलं. ते पोत्यावरच बसले हुते. म्हनाले, "म्हणजे खोली मार्गशीर्षातच झाली होती?" मी म्हनलं, व्हय. ते उठले, खोलीत गेले, कोपर भिताडाला लागलं, कोपर चोळत भाईर आले आन् म्हनाले, "भिवाजी, आतले थर काढा." ह्येंचं त्वांड बघाया पायजे हुतं. मग मी म्हनलं, साहेब, आन् एक काच लावा. साहेब म्हनाले, "चिमाबाई, काच म्हणजे आवाजाला दार. एवढं करून मी भोक पाडू?" मी म्हनलं, मग मी भैरू देनार न्हाई, रडायला दुसऱ्याचं बघा.

चार दिस ते मला बघून वाट बदलायचे. पाचव्या दिशी रस्त्यात थांबून म्हनाले, "गवयाला खूण करायला मला दिवा लावावा लागणार होता, त्यापेक्षा काच बरी." जसं काय त्येंचंच डोकं. पुण्यास्नं काचा आल्या. एक न्हाई, दोन. एक जाड, एक बारीक, मधी जागा, आन् एक वाईच वाकडी बसवली, म्हंजे आवाज सरळ जात न्हाई म्हनं. कडंनी समदी घोंगडीची पट्टी. भिवाजी म्हनतो, पुन्ना असलं काम आलं तर मी सुतारकी सोडून कीर्तनाला जाईन.

काल पारख झाली. ह्ये भैरूला घेऊन आत गेले. दारं लागली. मी काचंम्होरं उभी ऱ्हायले. भैरूनं मला बघितलं आन् हसला. दोन दात दावतोय, काचंवर हात मारतोय. ह्येंनी वाकडं त्वांड केलं, मिशी नाकाला लावली, तर तो आनिकच खिदळला. साहेब पेटीपाशी बसल्याले. म्हनाले, "अहो, हा तर हसतोय. रडल्याशिवाय मला कळणार कसं?"

मी म्हनलं, मी दिसतीया तवर तो रडायचा न्हाई.

"मग बाजूला व्हा."

बाजूला झाले तर तो मान वळवून हुडकाया लागला, आन् मीच पुन्ना म्होरं आले. माझेच पाय आले. साहेबांनी डोक्याला हात लावला. भिवाजी म्हनला, आज काय गाणं भरलं जात न्हाई.

मग मी खांद्यावरची घोंगडी काढली. काचंवर धरली. दोनी हातानं, दोनी कडा दाबून.

आत रडं सुरू झालं असंल. मला ठाव हाय त्यो कसा रडतो, आदी खालचा ओठ भाईर काढतो, मग दम खातो, मग फोडतो. तेवढा येळ मी मनात मोजला. साहेबांनी हळूच इचारलं, "ऐकू येतंय का, चिमाबाई?"

मी ऐकलं. वड्यापल्याड मेंढरं हुती. भिवाजी खाकरला. माझं काळीज धडधडत हुतं ते ऐकू आलं.

म्हनलं, न्हाई साहेब.

"नक्की?"

न्हाई. काय बी न्हाई.

साहेबांनी काट्याकडं बघितलं, तो जागचा हलला नव्हता. म्हनाले, "झालं तर मग. काढा घोंगडी." मी म्हनलं, थांबा. मेंढरं वरडत हुती, आता गप झालीत. पुन्ना एकदा नीट ऐकू द्या.

आन् पुन्ना ऐकलं, वन्सं, समाधान हुईस्तवर. मगच घोंगडी काढली आन् दार दमानं उघडलं.

तुमची
चिमा